मेर्केत: दोन देशांच्या कातळावरचं राखणदार नसलेलं दीपगृह

पहिला दिवस: स्टॉकहोम ते एकेरो

मेर्केत नकाशावर शोधायचं तर स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधल्या ओलांड समुद्रात, 60 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर बोट ठेवायचं. तिथं जे टिंब दिसेल (बऱ्याच नकाशांत तेही दिसत नाही) ते सुमारे 350 मीटर लांब आणि 150 मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ 3.3 हेक्टर, म्हणजे जेमतेम आठ एकर. झाड नाही, गोडं पाणी नाही, वस्ती नाही. 1885 मध्ये बांधलेलं एक दीपगृह आहे आणि 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तेही आपलं आपण चालतं.

इथं जायचं ठरवताना एक गोष्ट आधी पक्की करावी: मेर्केतला जायचा दिवस आपण ठरवत नाही, समुद्र ठरवतो. म्हणून मुक्काम फिनलंडच्या ओलांड बेटांच्या पश्चिम टोकाला, एकेरोला ठेवायचा आणि हाताशी दोन-तीन मोकळे दिवस राखायचे. ओलांडची राजधानी मारिएहाम्न इथं राहून रोज ये-जा करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण बोट सुटणार की नाही हे बऱ्याचदा आदल्या संध्याकाळीच कळतं.

जायचे मार्ग दोन. फिनलंडच्या तुर्कूहून मारिएहाम्नला मोठी जहाजं जातात, साधारण पाच तास लागतात, आणि पुढे बसने एकेरो. दुसरा मार्ग स्वीडनकडून: स्टॉकहोमहून बसने ग्रिसलेहाम्न, तिथून फेरीने दोन तासांत थेट एकेरो. आम्ही हा दुसरा धरला. वेळापत्रक वाचताना मात्र जपून. ओलांड फिनलंडच्या वेळेवर चालतं, म्हणजे स्वीडनच्या एक तास पुढे, आणि वेळापत्रकात प्रत्येक बंदराची स्थानिक वेळ छापलेली असते. त्यामुळे जाताना प्रवास तीन तासांचा दिसतो आणि येताना एका तासाचा. परतीची बस पकडताना हा हिशेब चुकला तर पुढची बस बऱ्याच वेळाने मिळते.

व्हिसा शेंगेन. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्याने एकदाच प्रवेशाचा व्हिसाही पुरतो. पण ज्या देशात रात्री जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि ओलांडमधल्या रात्री फिनलंडच्या खात्यात जातात. खाऊ नेताना चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू घेतलेत तर ते तेलातले घ्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानातून आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि साजूक तुपाचा डबा घरीच ठेवलेला बरा.

फेरीतून उतरल्यावर पहिलं आश्चर्य म्हणजे एकेरोचं टपाल आणि जकात कार्यालय. एवढ्याशा गावात एवढी भव्य, खांबांची, राजवाड्याला शोभेल अशी इमारत का? कारण 1809 मध्ये स्वीडनने फिनलंड आणि ओलांड रशियाला गमावले, आणि एकेरो हे रशियन साम्राज्याचं पश्चिमेचं दार झालं. हेलसिंकीचा मध्यभाग घडवणारे वास्तुविशारद कार्ल लुडविग एंगेल यांच्या आराखड्यानुसार ही इमारत 1828 मध्ये पुरी झाली. पश्चिमेकडून येणाऱ्याला पहिल्याच पावलाला झारचं वजन जाणवावं, हा तिचा हेतू.

पण याहून मोलाची गोष्ट इथल्या शेतकऱ्यांची आहे. 1638 पासून स्टॉकहोम ते तुर्कू ही टपालवाट ओलांडवरून जायची आणि समुद्रापलीकडे ग्रिसलेहाम्नला टपाल पोचवायची जबाबदारी एकेरोच्या शेतकऱ्यांवर होती. उघड्या होड्यांतून, वल्ह्यांनी. हिवाळ्यात बर्फ अर्धवट गोठला की होडी कधी वल्हवायची, कधी बर्फावरून ओढायची. कित्येक जण त्यात गेले. मेर्केतवर दीपगृह का लागलं, हे या समुद्राची ओळख झाल्याशिवाय नीट समजत नाही, म्हणून सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे.

दुसरा दिवस: वाट पाहणं

सकाळी निरोप आला: आज बोट नाही. एकेरोत तर ऊन पडलेलं, झाडाचं पान हलत नव्हतं. मग अडचण कसली?

अडचण लाटेची. मेर्केतच्या उत्तरेला बोथनियाचा समुद्र शेकडो किलोमीटर मोकळा पसरलेला आहे. तिकडे आदल्या दिवशी वारा झाला असेल तर तो थांबल्यावरही लांब लाट दक्षिणेकडे येत राहते आणि या कातळाभोवती उभी राहते. एकेरोचा किनारा बेटांच्या आडोशाला असल्याने तिथं तिचा पत्ताही लागत नाही. म्हणून आपला अंदाज आपणच घ्यायला शिकावं. फिनलंडच्या हवामान संस्थेचं स्वयंचलित केंद्र मेर्केतवरच आहे. संस्थेच्या संकेतस्थळावर हामरलांड मेर्केत या नावाने शोधलं की तिथला ताजा वारा, त्याची दिशा आणि तापमान दिसतं. तीन गोष्टी पाहायच्या. वाऱ्याचा वेग तिथं सेकंदाला मीटरमध्ये देतात; 3.6 ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. दिशा उत्तरेची असेल तर कमी वेगावरही विश्वास ठेवायचा नाही. आणि फक्त आत्ताचा आकडा न पाहता मागच्या दिवसभराचा आलेख पाहायचा, कारण लाट ही कालच्या वाऱ्याची असते.

कोकणातल्या माणसाला इथं आणखी एक नवल वाटेल. भरती-ओहोटी नाही. बाल्टिक जवळजवळ बंदिस्त समुद्र असल्यामुळे चंद्राची ओढ इथं जाणवण्याइतकी पाणी हलवत नाही. पाणी वरखाली होतं ते वाऱ्याने आणि हवेच्या दाबाने, त्यामुळे त्याचं वेळापत्रक नसतं. खांदेरीच्या दीपगृहावर जाणारा माणूस आधी भरती कधी हे विचारतो. इथले लोक दाब चढतोय की उतरतोय हे विचारतात. पाण्याची चवही जेमतेम खारट, हजारात पाच-सहा भाग मीठ. खुल्या महासागरात ते पस्तीसच्या आसपास असतं. एवढ्या कमी मिठामुळे हा समुद्र लवकर गोठतो, आणि त्या बर्फाचा मेर्केतशी फार जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

मोकळा दिवस चेरिंगसुंदच्या छोट्या बंदरावर छान जातो. लाकडी बोटघरांची रांग पाण्यात पाय सोडून बसलेली, आणि शेजारी ओलांडचं शिकार आणि मासेमारी संग्रहालय. सीलची शिकार, हिवाळ्यात बर्फाखाली जाळी टाकण्याची पद्धत, हेरिंग खारवण्याची पिंपं, सगळं मांडलेलं. तास-दीड तास ठेवा.

दुपारी ओलांडचा पॅनकेक खाल्लाच पाहिजे. तव्यावरचा पातळ प्रकार मनात असेल तर तो काढून टाका. आधी रवा (काही घरांत तांदूळ) दुधात शिजवून घट्ट लापशी करतात, त्यात अंडी, साखर आणि भरपूर वेलची घालतात आणि मग भट्टीत भाजतात. वरून सुक्या आलुबुखाराचा शिजवलेला गोड रस आणि फेटलेली साय. पहिल्या घासाला वेलचीचा वास येतो आणि मराठी जिभेला थेट शिरा आठवतो. उपाहारगृह चालवणाऱ्या बाईंना आमच्याकडे रवा आणि वेलची रोजची आहे असं सांगितल्यावर त्यांनी आतून भट्टीतला गरम, कडेचा तुकडा आणून दिला. भाजून लाल झालेली ती कड मधल्या भागाहून सरस असते, हे त्यांचं म्हणणं पटलं. पूर्ण शाकाहारी मंडळींनी अंड्याचं लक्षात ठेवावं. त्यांच्यासाठी इथला काळा पाव उत्तम: माल्ट आणि काकवीसारख्या पाकामुळे गोडसर, दाट, बरेच दिवस टिकणारा. बोटीवर न्यायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

एक सूचना गांभीर्याने घ्या. ओलांडवर गोचिड्या फार आणि त्यांच्यातून मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो. इथले रहिवासी त्यावरची लस घेतात. गवतातून चालताना पायघोळ पँट, मोज्यांत खोचलेली, आणि रात्री झोपण्यापूर्वी गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला तपासणी. मेर्केतच्या उघड्या कातळावर ही काळजी फारशी नाही.

तिसरा दिवस: मेर्केत

आदल्या रात्री वारा पूर्ण पडला आणि सकाळी बोट सुटली. आडोसा संपेपर्यंत सगळे बाहेर उभे होते. मोकळ्या पाण्यात शिरल्यावर बरेच जण आत गेले. उलटीची गोळी लागत असेल तर ती निघण्याआधी घ्यायची असते, पोटात ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नाही.

लांबून आधी घर दिसतं, बेट नंतर. पाण्यातूनच एक मोठी बिनकुंपणाची इमारत उगवल्यासारखी वाटते, कारण कातळ लाटांहून फार वर नाहीच.

उतरणं हा या सहलीतला सगळ्यात अवघड मिनिटभराचा भाग. संथ पाण्यात बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कातळाला टेकवतात, इंजिन हळू पुढे दाबत राहतं, आणि एकेकाने पाऊल टाकायचं. पद्धत अशी: दोन्ही हात मोकळे, सामान पाठीवर, लाईफ जॅकेट अंगावरच. बोट लाटेवर वर आली की पाऊल टाकायचं, खाली जाताना कधीच नाही, कारण खाली जाताना पायाखालचं अंतर वाढत जातं. आणि पाण्याच्या कडेचा काळा पट्टा टाळून वरच्या कोरड्या कातळावरच पाय द्यायचा. तो काळा थर शेवाळाचा असतो, ओला झाला की रबरी तळव्यालाही धरत नाही. आमच्या बोटीचा चालक प्रत्येकाला दंडाला धरून, लाट मोजून, एकाच शब्दात सोडत होता: "आता." तो म्हणाला नाही तर जायचं नाही, एवढा एकच नियम.

जून-जुलैच्या सुरुवातीला आलात तर टोपी हवीच. कुररी पक्षी अंडी घालून बसलेले असतात आणि डोक्यावर सूर मारतात. एखादी काठी डोक्याहून उंच धरली की ते काठीच्या टोकावर येतात. पाऊल टाकताना खाली बघा, अंडी कातळाच्याच रंगाची असतात.

आता सरहद्द. 1809 च्या तहात सीमारेषा बेटाच्या मधून ओढली: पश्चिमेचा अर्धा भाग स्वीडनचा, पूर्वेचा रशियाच्या ताब्यातल्या फिनलंडचा. पुढे फिनलंडने दीपगृह बांधायचं ठरवलं, गेऑर्ग श्रेक यांनी आराखडा केला, आणि बांधणाऱ्यांनी इमारत उभी केली ती बेटाच्या उंच भागावर. तो उंच भाग सीमेच्या पलीकडे, स्वीडनमध्ये होता. बरोबर शंभर वर्षं फिनलंडचं दीपगृह स्वीडनच्या जमिनीवर उभं राहिलं. 1985 मध्ये दोन्ही देशांनी सीमा नव्याने आखली आणि त्यातली शिस्त मला फार आवडते. दोन अटी होत्या: कोणाचंही क्षेत्रफळ कमी-जास्त होता कामा नये, आणि सीमा किनाऱ्याला जिथं मिळते ती ठिकाणं हलता कामा नयेत, नाहीतर मासेमारीच्या पाण्याचा वाद सुरू होईल. म्हणून रेषा उलट्या एस अक्षरासारखी वळवली. एका वळणात दीपगृह फिनलंडकडे आलं, दुसऱ्या वळणात तेवढीच जागा स्वीडनला गेली. स्वीडनचा भाग पुन्हा दोन जिल्ह्यांत, उप्साला आणि स्टॉकहोम यांच्यात वाटलेला आहे.

सीमा पाहायची तर मान वर न करता खाली बघावी लागते. इथं खांब उभा केला तर हिवाळ्यात सरकणारा बर्फ तो खरवडून नेतो. त्यामुळे कातळातच भोकं पाडून खुणा केल्या आहेत. ओंजळीनेही झाकता येईल अशा त्या भोकात पावसाचं पाणी साचलेलं असतं. फिनलंडकडून स्वीडनकडे गेलं की घड्याळ एक तास मागे. मोबाइल मात्र ज्या मनोऱ्याची लहर पकडेल त्याची वेळ दाखवतो. बोटीची वेळ फिनलंडची, हे मनगटावरच्या घड्याळात लावून ठेवा.

दीपगृह म्हणजे सुटा मनोरा नाही. राहतं घर आणि मनोरा एकाच इमारतीत आहेत, कारण राखणदारांना वादळात घरातून दिव्यापर्यंत बाहेर न पडता जाता आलं पाहिजे. जुन्या काळी रॉकेलचा दिवा, वाती कापणं, काचा पुसणं, भिंग फिरवणाऱ्या यंत्राला वजनं वर ओढून चावी देणं, धुक्यात भोंगा, ठरल्या वेळी हवामानाच्या नोंदी, अशी कामं दीपगृहांवर पाळीपाळीने चालत.

मेर्केतचे राखणदार 1970 च्या दशकात गेले, पण बाल्टिकमध्ये माणसाशिवाय दिवा चालवण्याची विद्या त्याहून बरीच जुनी. स्वीडनच्या गुस्ताव दालेन यांनी 1907 च्या सुमारास सूर्यझडप शोधली. रचना साधी आहे. मधोमध एक काळी दांडी, भोवती चकचकीत पॉलिश केलेल्या तीन दांड्या. उजाडलं की काळी दांडी प्रकाश शोषून तापते आणि लांबते. चकचकीत दांड्या प्रकाश परतवतात, त्या तितक्या लांबत नाहीत. लांबीतल्या त्या केसभर फरकाने गॅसची झडप मिटते. अंधार झाला की काळी दांडी आखडते, झडप उघडते आणि सतत तेवणाऱ्या छोट्या ज्योतीवर अॅसिटिलीन पेटतो. त्याच्या जोडीला ज्योत अखंड न जळता ठरावीक झपकारे देईल अशी झडप, आणि स्फोट होऊ नये म्हणून सच्छिद्र वस्तुमानात, अॅसिटोनमध्ये विरघळवून साठवलेला गॅस. या सगळ्यामुळे नळकांड्यांचा एक साठा महिनोन्‌महिने पुरायचा. दालेन यांना 1912 चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच कामासाठी मिळालं. त्याच वर्षी गॅसच्या चाचणीतल्या स्फोटात त्यांची दृष्टी गेली होती.

अशा मानवरहित दिव्यांत हल्ली एलईडी, सौर पॅनेल आणि बॅटऱ्या असतात. या अक्षांशावर अडचण येते ती डिसेंबरची. दिवस सहा तासांहून लहान, सूर्य क्षितिजालगत, आणि नेमका दिवा रात्रीचे अठरा तास हवा. म्हणून पॅनेल जवळजवळ उभी लावतात. खालच्या सूर्याचा प्रकाश सरळ पडतो आणि बर्फही साचत नाही. बॅटऱ्यांचा संच उन्हाळ्याच्या गरजेवर न मोजता हिवाळ्यातल्या ढगाळ आठवड्यांवर मोजावा लागतो. जहाजं उपग्रहावर चालत असल्याने दिव्याचा पल्ला पूर्वीइतका लांब लागत नाही, पण उपकरणं बिघडली तर डोळ्यांनी दिसणारी खूण हीच.

आणि घराचं काय? हे मेर्केतला जाऊनच कळतं. दिव्याला घराची गरज उरली नाही, पण घराला माणसांची होती. राखणदार असताना वर्षभर चुली पेटत, भिंती आतून कोरड्या राहत. ते गेल्यावर ऊब गेली. दमट हवा थंड भिंतींवर पाणी होऊन बसते, ते विटांत मुरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. बाहेरून लाटांचा तुषार भिंतीवर गोठतो आणि बर्फाच्या लाद्या कातळावर चढतात. फिनलंडच्या दीपगृह संस्थेने 2007 पासून ही इमारत वाचवायचं काम हाती घेतलं आहे. स्वयंसेवक उन्हाळ्यात आठवड्या-आठवड्याच्या मुक्कामाने येतात.

त्या आठवड्याच्या तुकडीतल्या एक बाई खिडकीची चौकट खरवडत बसल्या होत्या. काम कसं करतात हे त्यांनी हातातलं पातं न थांबवता सांगितलं. जुना रंग लाकडापर्यंत काढायचा, कोवळं झालेलं लाकूड तेवढंच कापून नवा तुकडा बसवायचा, काच जवसाच्या तेलाच्या लांबीने (पुट्टीने) बसवायची आणि वर जवसाच्याच तेलातला रंग, अगदी पातळ हाताने. एक हात वाळायला निदान एक दिवस, दमट हवेत त्याहून जास्त. जाड थर दिला तर वरून साय धरतो, आत ओला राहतो आणि पहिल्याच हिवाळ्यात सुरकुततो. विटांच्या भिंतीला सिमेंट लावायचं नाही, चुनाच. सिमेंट पाणी आत कोंडतं, चुना बाहेर सोडतो. सकाळचं दव उडेपर्यंत ब्रश उचलायचा नाही आणि संध्याकाळी दव पडायच्या आत हात निदान वरून सुकलेला हवा, त्यामुळे चांगल्या दिवशीही रंगवायला चार-पाच तासच मिळतात. त्यांनी दाखवलेल्या खालच्या खिडकीत तीन प्रकारच्या रंगांचे थर एकमेकांवर पाहायला मिळाले. सर्वांत आतला थर सर्वांत घट्ट होता.

वर दिव्यापाशी जाणारा जिना अरुंद आहे. पाठपिशवी खाली ठेवा, एका वेळी एकानेच चढा. वरून पाहिलं तर अख्खं बेट एका नजरेत येतं: पूर्वेला ओलांड, आणि सगळीकडे जहाजांची ये-जा, कारण बोथनियाच्या आखातात जाणाऱ्या मालवाहू जहाजांची वाट इथूनच आहे. दुर्बीण असेल तर बाहेरच्या कातळांवर करडे सील शोधा.

हौशी रेडिओवाल्यांसाठी तर हे बेट पंढरीच. त्यांच्या यादीत मेर्केत हा स्वतंत्र प्रदेश धरला जातो आणि त्याची हाकखूण (कॉल साइन) ओजे-शून्य अशी सुरू होते. पुण्या-मुंबईतल्या परवानाधारकांनी ही खूण यादीत टिपलेली असेलच; इथून प्रसारण सुरू असलं की जगभरातून रांग लागते.

बेटावर पाणी नाही, दुकान नाही. माणशी दीड लिटर पाणी, खाणं, वारा अडवणारं जाकीट आणि उन्हाळ्यातही स्वेटर. कचऱ्याची पिशवी परत आणायची.

चौथा दिवस: मारिएहाम्न, आणि पुन्हा जाणाऱ्यांसाठी

मारिएहाम्नला सागरी संग्रहालय आणि शेजारी उभं असलेलं चार डोलकाठ्यांचं पोमर्न. 1903 मध्ये ग्लासगोला बांधलेलं हे पोलादी शिडाचं जहाज पुढे इथल्या गुस्ताव एरिकसन यांनी घेतलं आणि ऑस्ट्रेलियाहून गहू आणायला वापरलं. इंजिन नसलेल्या अशा जहाजांना ओलांड समुद्रातला प्रत्येक दिवा किती लागत असेल, ते त्याच्या डेकवर उभं राहिल्यावर कळतं. अर्धा दिवस पुरतो.

कधी जावं? जूनअखेर सूर्य अकराच्या सुमारास मावळतो आणि रात्र धड काळी होतच नाही. समुद्र मात्र तेव्हा सहसा शांत मिळतो. ऑगस्टच्या मध्यावर साडेनऊला मावळतं, रात्र काळी असते, पक्ष्यांची अंडी उबलेली असतात आणि पाणी सर्वांत उबदार. वारा मात्र वाढू लागतो. मोकळे दिवस तीन ठेवता येत असतील तर ऑगस्टचा पहिला पंधरवडा निवडा, एकच दिवस असेल तर जुलै. सहलीच्या बोटी उन्हाळ्यापुरत्याच आणि मोजक्या दिवशी जातात, तेव्हा जागा आधी धरा आणि हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत की दुसरी तारीख, हे लेखी विचारून घ्या.

स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तर दीपगृह संस्थेचं सभासदत्व घेऊन हिवाळ्यातच चौकशी करावी. सुतारकाम, गवंडीकाम, रंगकाम येणाऱ्यांचा उपयोग जास्त, पण खरवडायला आणि स्वयंपाकाला हात नेहमीच लागतात. झोपायची पिशवी, कामाचे हातमोजे, डोक्यावरचा टॉर्च आणि नेहमीची औषधं ठरल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्तीची न्या. समुद्र खवळला तर आठवडा नऊ-दहा दिवसांचाही होऊ शकतो, आणि परतीचं विमान त्या हिशेबानेच काढायचं.